मनकर्णाची डबी

राजापेठेतल्या मेसमध्ये मनकर्णा रोज दोनशे पोळ्या लाटायची. गावाकडे कापसानं लागोपाठ तीन वर्षं दगा दिला, तेव्हा ती एकोणीस वर्षांच्या आरतीला, आपल्या लेकीला, घेऊन अमरावतीत आली. शिकवणीची पोरं तिच्याच हातची पोळी मागायची, आणि या कौतुकाचा तिला केवढा अभिमान!

पाठीनं मात्र तिचा पिच्छा पुरवला होता. सकाळी भिंतीला धरून उभं राहावं, तासाभरानं कुठं कंबर मोकळी व्हायची. संधिवाताच्या डॉक्टरीणबाईंनी मणक्याचा वात असल्याचं सांगितलं आणि विचारलं, "शौचातून रक्त वगैरे जातं का?"

"नाई जी."

धडधडीत खोटं. दोन महिने रक्त जात होतं.

बाईंनी तरीही तिच्या हातात डबी दिलीच. या वातासोबत कधी कधी आतड्यालाही सूज असते, ती शौचाच्या तपासणीत आकड्यानं कळते आणि मग औषध ठरवता येतं, असं नीट समजावलं. दुखण्याच्या गोळ्यांनीही आकडा वाढतो, म्हणून पंधरा दिवस त्या बंद.

ते पंधरा दिवस तिनं दात-ओठ खाऊन काढले; मेसच्या निम्म्या पोळ्या आरतीनंच लाटल्या. पण डबी भरायची वेळ आली तशी तिची गाळण उडाली. पोळ्या लाटणारीच्या पोटात रोग आहे हे मेसमध्ये कळलं, तर उद्या तिच्या पोळपाटावर दुसरीच कोणी बसेल. शिवाय असलं रक्ताचं घेऊन डॉक्टरसमोर जायचं तरी कोणत्या तोंडानं? तिनं डबी आरतीपुढे धरली.

"तू दे वं. तुयं चांगलं असन."

आरती डबी घेऊन गेली ती बऱ्याच वेळानं परतली. मनकर्णानं झाकण किलकिलं करून पाहिलं. रक्ताचा मागमूस नव्हता. तिचा जीव भांड्यात पडला.

आठवड्यानं दोघी दवाखान्यात गेल्या. बाईंनी रिपोर्ट वाचला.

"आकडा पन्नासच्या आत हवा होता, आठशे साठ आहे. मनकर्णाबाई, आतड्याला चांगलीच सूज आहे तुमच्या."

मनकर्णा वळली. आरती बाकावर मान खाली घालून बसली होती. ताटात अर्धी पोळी टाकून उठणारी, पोट दाबून पडून राहणारी आपली पोर. शहराचं पाणी बाधलं असेल म्हणून आपणच वेळ मारून नेली. तिला स्वतःची शिसारी आली.

"कावून सांगतलं नाई वं मले?"

"तुयीच पाठ उठू देत नाई," आरती म्हणाली. "मी बी पडली असती तं पोळ्या कोन लाटल्या असत्या, आई?"

डॉक्टरीणबाई दोघींकडे पाहतच राहिल्या. मनकर्णानं पदरानं तोंड पुसलं.

"बाई, ते मायं नोयतं. या पोरीचं व्हय. मायं रक्ताचं होतं, म्हनून लपवलं मी." तिनं आरतीचा हात धरून तिला पुढे केलं. "मायं मंग पाहा. आंधी इले पाहा."