आमच्यापुरता वारा

मुलाखतीत कंपनीच्या मालकाने मला एकच प्रश्न विचारला. "उडायला आवडतं ना?" मी मूर्खासारखी मान डोलावली, तीही जोरात. तो हसला आणि म्हणाला, "मग पगाराचं आपण नंतर बघू. हौसेला मोल नसतं." ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले होते. कुणी लग्नात जास्तीची साडी घेतली की आमच्या आळीतल्या बायका हेच म्हणायच्या. ती कुणी माझ्यावरच चालवेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

मी हेलिकॉप्टरची को-पायलट. म्हणजे कॅप्टनच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी. पुरेसे तास उडाल्याशिवाय त्या शेजारच्या खुर्चीवरून कॅप्टनच्या खुर्चीवर जाता येत नाही, आणि तास मिळवायचे तर कुणाच्या तरी दारात उभं राहावंच लागतं. सगळे मालक हे जाणून असतात. हंगामात चार उड्डाणं मिळायची, बाकीचे दिवस मी काचा पुसायची, पाहुण्यांच्या बॅगा उचलायची, मालकाच्या मेहुण्याला चहा नेऊन द्यायची. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच. जाण्यायेण्याच्या पेट्रोलचा खर्च सुटावा म्हणून संध्याकाळी तुळिंजला दहावीच्या मुलांना गणित शिकवायची. मुलं विचारायची, "टीचर, तुम्ही खरंच पायलट आहात? मग इथे का?" काय उत्तर देणार, कप्पाळ!

गावात मात्र माझा थाट. निर्मळच्या नाक्यावर कुणीही भेटलं की, "काय गं, आज विमान कुठे नेलंस?" हेलिकॉप्टर आणि विमान यातला फरक सांगून सांगून मी थकले होते. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, हे फक्त घरात माहीत होतं. आणि घरात सगळ्यांत जास्त माहीत होतं बाबांना, कारण माझ्या शिक्षणासाठी त्यांनी अर्धी वाडी विकली होती.

उरलेल्या अर्ध्या वाडीत राजेळी होती. राजेळी ही आमच्याकडची जुनी केळ. उंच वाढते, लाडावलेली असते, घड धरला की भाराने वाकते. जरा वारा आला तर कंबरेत मोडते, म्हणून प्रत्येक झाडाला बांबूचा टेकू द्यावा लागतो. एवढे नखरे आता कोण सोसणार? लोकांनी दुसऱ्या जाती लावल्या. बाबांनी राजेळी सोडली नाही, कारण हीच केळी सोलून उन्हात वाळवली की सुकेळी होतात, आणि निर्मळच्या जत्रेत आमच्या सुकेळ्यांसाठी माणसं नाव विचारत यायची. पहिला घड देवळात जायचा, मग बाकीचे. लावल्यापासून घड उतरेपर्यंत वर्षाच्या वर जातं. एक पीक गेलं की सगळं गेलं.

एवढं असूनही बाबा कधी एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांची एकच मागणी होती, "मला एकदा तुला उडवताना बघायचंय. फोटो नको, डोळ्यांनी." जुहूला, जिथून आमची हेलिकॉप्टरं उडायची, त्यांना नेण्याची माझी छाती होत नव्हती. तिथे मी बॅगा उचलताना दिसले असते.

दसऱ्यानंतर ती संधी आपणहून चालत आली. वसई पूर्वेकडच्या एका बिल्डरच्या मुलाचा साखरपुडा आमच्या गावाशेजारच्या मैदानात होता, आणि मांडवावर हेलिकॉप्टरमधून गुलाबाच्या पाकळ्या टाकायच्या होत्या. साखरपुड्याला पुष्पवृष्टी! लग्नाला काय, समुद्र आटवणार होते की काय देव जाणे. मालक म्हणाला, "तुझंच गाव. तू जा." आमचे कॅप्टन सैन्यातून निवृत्त झालेले, मी त्यांना सर म्हणायची. ते हळूच म्हणाले, "यावेळी मशीन तुझ्या हातात देतो. घरचे बघतील."

मी बाबांना फोन केला. बाबांनी आळीभर सांगितलं. एव्हरशाईन सिटीतून आत्या आली, मामा आले.

आदल्या दिवशी जागा बघायला गेलो तेव्हा कळलं, मांडव मैदानाच्या आमच्याकडच्या टोकाला घातलाय. मैदानाच्या कुंपणाला लागूनच आमची वाडी. मी मालकाला सरळ सांगितलं, "समुद्राच्या बाजूने येऊ. तिकडे मोकळं माळरान आहे. या बाजूने खाली आलो तर पंख्याच्या वाऱ्याने केळी आडव्या होतील." तो म्हणाला, "कॅमेरे या बाजूला लावलेत. पाहुणे या बाजूला बसणार." मी म्हटलं, मग उंचावरून टाकू. "बघू," तो म्हणाला. त्याच्या "बघू"चा अर्थ मला पगारामुळे पाठ झाला होता. सरांनी माझी बाजू घेतली, तेव्हा त्याने मान डोलावली आणि विषय संपवला.

उड्डाणाचं खरं सांगू? जमीन सुटते तो क्षण आला की मी सगळं विसरते. मालक, मेहुणा, चहा, सगळं. हातात ती थरथर येते आणि आपण आपल्याच वजनातून सुटतो. त्या दिवशी खाली माझ्या शाळेचं मैदान दिसलं, देवळाचं तळं दिसलं, आणि मला चक्क रडू आलं. याच एका गोष्टीसाठी मी इतकं सोसत होते, आणि ती गोष्ट खरी होती, हेच तर दुखणं आहे.

पहिली फेरी उंचावरून झाली. पाकळ्या वाऱ्याने भरकटल्या आणि रस्त्यावरच्या रिक्षांवर पडल्या. हेडफोनमधून खाली उभ्या मालकाचा आवाज आला, "खाली या! मांडवावर एकही पडली नाही." सर म्हणाले, शेजारी वाडी आहे. "वाडीचं मी बघतो. खाली या, नाहीतर परतल्यावर दोघांनीही यायची गरज नाही." सरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या घरी आजारी बायको होती. त्यांनी बोटाने खाली दाखवलं.

मी खाली घेतलं. पाकळ्या नेमक्या मांडवावर पडल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या असणार. मी बघत होते वाडीकडे. आधी पानं उलटी होऊन पांढरी दिसली, मग राजेळीची पहिली ओळ वाकली आणि वाकलेलीच राहिली. दुसरी गेली. बांबूचे टेकू उडाले. आणि कुंपणापाशी पांढरा शर्ट घालून बाबा उभे होते, तोंड वर करून, दोन्ही हात हलवत. त्यांच्या मागे त्यांची वाडी पडत होती आणि ते मला हात करत होते.

सर ओरडले, "वर घे!" मी घेतलंच होतं. पण जे पडायचं ते पडून गेलं होतं.

घरी आले तेव्हा बाबा वाडीत उकिडवे बसले होते. कोवळे घड चिखलात. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "काय सुंदर आलीस गं खाली. अगदी जवळून दिसलीस." आई पदर तोंडाला लावून आत गेली. मला वाटलं, त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मालकाला फोन केला तर म्हणाला, "बघू."

शेजारच्या काकांनी तलाठ्याला बोलावलं. तलाठी तरुण होता, वाडी बघून चकित झाला. बाबा हात जोडून म्हणाले, "वादळी वारा आला, साहेब."

"कधी? शेजारच्या वाडीत एक पान फाटलेलं नाही, काका."

"आमच्यापुरता वारा होता," बाबा म्हणाले.

तलाठी हसला. त्याच्याबरोबर आलेला माणूसही हसला. हेलिकॉप्टर अख्ख्या गावाने बघितलं होतं, पण माझ्यासाठी गाव गप्प होतं, आणि बाबा जन्मात पहिल्यांदा खोटं बोलून हसं करून घेत होते. माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, "वारा नव्हता. हेलिकॉप्टर होतं. मीच चालवत होते, आणि खाली घ्या म्हणून कंपनीच्या मालकाने सांगितलं. लिहा."

त्याने लिहिलं. मग पेन बंद करून म्हणाला, "ताई, वादळाला भरपाई आहे, पुराला आहे. हेलिकॉप्टरच्या वाऱ्याला नाही. कंपनीकडे मागा."

तो गेल्यावर बाबा माझ्यावर असे भडकले की आळीतली माणसं गोळा झाली. "अगं मूर्ख पोरी, केळीला मुनवे फुटतात! खोड पडलं तरी बुडातून नवीन झाड येतं. वर्ष-दीड वर्षात वाडी उभी राहते. तुझ्या त्या खुर्चीला मुनवा फुटणार आहे काय?"

नाहीच फुटला. दुसऱ्या दिवशी मालकाचा फोन आला. आवाज अगदी गोड. म्हणाला, "सरकारी कागदावर कंपनीविरुद्ध? इतकी हौस होती ना तुला?" सरांनीही नंतर फोन उचलला नाही. मी त्यांना दोष देत नाही, पण माफही केलेलं नाही. दुसऱ्या कंपन्यांत गेले तर तिथे माझ्याआधी माझी कीर्ती पोचलेली. हे जग आकाशाएवढं वाटतं, असतं चुलीएवढं.

आता मी तुळिंजला पूर्ण वेळ शिकवण्या घेते. मुलं हल्ली विचारत नाहीत. वाडी बाबा म्हणाले तशी उभी राहिली. नवी राजेळी जुन्यापेक्षा उंच आहे, गेल्या जत्रेत आमची सुकेळी दुपारपर्यंत संपली.

फक्त अधूनमधून समुद्राकडून हेलिकॉप्टरचा तो आवाज येतो, आधी छातीत, मग कानात. बाबा हातातलं काम टाकून जवळची केळ मिठीत धरतात, आवाज जाईपर्यंत सोडत नाहीत. मी दुसरी केळ धरायला हवी, एवढं मला कळतं. पण मी वर बघत उभी राहते, अजूनही, निर्लज्जासारखी.