दाराबाहेरचे अध्यक्ष

बेल वाजवली की नाना दोन पावलं मागे सरकून उभे राहायचे. आपण "या ना आत" म्हटलं की त्यांचं ठरलेलं उत्तर यायचं, "नाही. कमिटी दाराबाहेर." मग टोपी नीट करून ते कामाचं बोलायचे. टाकी कधी धुणार, लिफ्टवाला कधी उगवणार. बोलणं संपलं की टोपी काढून खिशात घालायचे आणि हसून म्हणायचे, "आता शेजारी आलाय. चहा टाका."

तुमच्याही सोसायटीत एखादे अध्यक्ष असतीलच. पण टोपी घालून परके आणि टोपी काढून घरचे होणारे आमच्याकडेच होते.

नाना नरडाण्याच्या एका कारखान्यात फोरमन होते. निवृत्त झाल्यावर बायकोला, म्हणजे आमच्या अक्कांना, घेऊन आमच्या जळगावच्या सोसायटीत राहायला आले. आल्या आल्या आम्ही त्यांना अध्यक्ष केलं, कारण त्या दिवशी सभेला तेवढेच वेळेवर आले होते. आम्हाला वाटलं, सह्यांपुरता माणूस मिळाला. नानांनी मात्र सोसायटीचे नियम मागवून घेतले आणि लोक पेपर वाचतात तसे ते रोज सकाळी गॅलरीत बसून वाचू लागले.

पहिला फटका मलाच बसला. मी दाराशेजारी चपलांचं कपाट ठेवलं होतं. नाना आले, मागे सरकले. "ताई, चपला तुमच्या. जिना बठ्ठासना शे." एरवी ते आमच्याशी शहरी मराठी बोलत, पण गोष्ट जिव्हाळ्याची असली की अहिराणी यायची. जिना सगळ्यांचा, हे त्यांच्या जिव्हाळ्याचंच होतं. मी चालढकल केली, तर फळ्यावर माझ्या नावाची नोटीस लागली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बेल. या वेळी डोकं उघडं. "कपाट जड आहे, एकटीने उचलू नका," म्हणत नोटीस देणाऱ्यानेच एक बाजू धरली. "त्या कोपऱ्यात छान बसेल," असं बोलून गेले आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे, तुमची मर्जी. आत माझं काही चालत नाही."

थंडी पडली की आम्हाला गच्चीवर भरीत लागतं. वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवरच भाजायची, गॅसवर भाजली तर ते भरीतच नव्हे. नानांनी गच्चीवर जाळ करायला बंदी घातली. लोकांनी सभा बोलावली, हात वर केले आणि बंदी उठवली. नाना शांतपणे म्हणाले, "सभा मोठी, अध्यक्ष लहान." भरिताच्या दिवशी मात्र खाली पत्रा, पत्र्यावर वाळू, भोवती पाण्याच्या बादल्या आणि मध्ये नाना! अक्का वैतागल्या. "तुम्ही भरीत करी ऱ्हायनात का आग इझाडी ऱ्हायनात?" तरी भाकरी वाढताना त्यांनी पहिलं ताट नानांनाच दिलं.

मग ते प्रकरण झालं. दुसऱ्या मजल्यावरच्या मालकीणबाई लेकीकडे मुक्ताईनगरला राहायला गेल्या आणि त्यांनी आपला फ्लॅट दोन बहिणींना भाड्याने दिला. मुली सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातल्या, नर्सिंग शिकणाऱ्या. आई-वडील पावसावरची शेती करायचे, मजुरीला जायचे. आमच्यात कापडाचं दुकान असलेले एक शेटजी होते, त्यांनी लोक गोळा केले. एकट्या मुली नकोत, असं तोंडाने म्हणत होते. त्या कोणत्या वस्तीतून आल्या, हे मनात होतं.

पार्किंगमध्ये सभा भरली तेव्हा त्या मुली आणि त्यांचे वडील फाटकाशी वळकटीवर बसलेले होते. सगळं त्यांच्या कानावर पडत होतं.

शेटजी म्हणाले, "कमिटीने परवानगी नाकारावी."

"परवानगी मागितलीय कोणी?" नाना म्हणाले. "मालकीणबाईंनी कळवलं आहे. कळवलं की झालं."

"मग पाणी बंद करा. आपोआप जातील."

"पाणी तोडायचा अधिकार कमिटीला नाही. असता, तरी या हाताने तोडलं नसतं."

"मग कमिटी आहे तरी कशाला?"

"जिन्यात दिवा लावायला. टाकी धुवायला. कोणी कोणाच्या घरात राहावं, हे ठरवायला नाही."

शेटजींनी मग नानांचंच बोलणं नानांवर फेकलं. "सभा मोठी, अध्यक्ष लहान. मत घ्या."

आम्ही दोघी-तिघी सोडून सगळ्यांचे हात वर गेले. नानांनी ते हात पाहिले. टोपी काढली. मला वाटलं, संपलं.

"सभा मोठी आहे," ते म्हणाले. "पण कोणाचं दार बंद करण्याइतकी मोठी नाही. हा ठराव कायद्यात टिकणार नाही, आणि मी त्यावर सही करणार नाही. पुढच्या निवडणुकीत मला पाडा. तो तुमचा अधिकार आहे."

ते सरळ फाटकाशी गेले आणि वळकटीचं एक टोक उचललं. मुलींच्या वडिलांना म्हणाले, "चाला भाऊ. लिफ्ट चालू शे."

पुढच्या निवडणुकीत लोकांनी त्यांना खरंच पाडलं. शेटजी अध्यक्ष झाले. नानांनी गच्चीच्या किल्ल्या दिल्या, पहिली टाळीही त्यांनीच वाजवली. आणि मग शेटजींचे हाल सुरू झाले. सभासदाला काय काय विचारता येतं, हे सगळं नानांना पाठ! दर सभेत ते मागच्या रांगेतून हात वर करायचे. शेटजी कपाळाला हात लावायचे. "नाना, तुम्हीच व्हा परत अध्यक्ष!"

"तसं कसं? तुम्ही मला रीतसर पाडलंय."

मोठ्या बहिणीला नोकरी लागली तेव्हा तिने दारोदार पेढे वाटले. शेटजींनी तिला आत बोलावून बसवलं, गावाकडे यंदा पाऊस कसा आहे ते विचारलं. नाना जिन्यात उभे राहून ऐकत होते. आत गेले नाहीत.

अक्कांचे गुडघे फार दुखू लागले, तेव्हा त्यांच्या मुलीने दोघांना धुळ्याला नेलं. तिथे बैठं घर आहे, पुढे अंगण आहे. सोसायटी नाही.

त्यानंतरची आमची पहिली सभा. शेटजींनी एकेक विषय वाचला, आम्ही मंजूर मंजूर म्हणत गेलो. चहा यायच्या आत सभा संपली. पण कोणी उठेना. शेटजी मागच्या रांगेकडे बघत राहिले. "कोणाला काही विचारायचं आहे का?" त्यांनी विचारलं.

मग त्यांनीच खिशातून फोन काढला, धुळ्याला लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला. तिकडे रिंग वाजू लागली, आणि आम्ही सगळे खुर्च्या पुढे ओढून बसलो.