काच चढणारी भुकटी

संगणकाने काढलेल्या यादीतले पहिले नऊ रेणू एकाच घडणीचे निघाले, तेव्हा आमचा लॅब असिस्टंट पराते खुर्ची सरकवून उभाच राहिला.

"मॅडम, हे तं सरच निवडून राहिले."

आमची लॅब उभी करणाऱ्या घाटे सरांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. लोखंडाचा कणही नसलेला सेंद्रिय चुंबक बनवायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं वेड. तो साधला तर हलकी, वाकणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणं करता येतील. त्यांच्या वह्यांतली मोजमापं आम्ही मशीन लर्निंगच्या मॉडेलला शिकवली होती. कोणती रचना, किती चुंबकत्व, एवढंच. तरी लाखभर रेणूंतून त्याने सरांचीच लाडकी पाच कड्यांची घडण उचलली. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला.

परातेने पहिला रेणू बनवला. काळी भुकटी. बाटलीला बाहेरून चुंबक लावला आणि भुकटी काच चढू लागली. परातेने हात जोडले.

संचालक म्हणाले, पेपर लिहा, पहिलं नाव सरांचं. मी धरमपेठेत सरांच्या घरी जाऊन काकूंना सांगूनही आले. नको तेवढी घाई केली.

लिहिताना अडले ते एका साध्या ओळीवर. सँपल कशाने काढलं? परातेला विचारलं.

"सरायच्या चमच्यानं. खंडेनवमीले पुजतो ना आपण त्याले. पयलं सँपल मी त्यानंच काढतो."

तो उमरेडच्या विणकरांच्या घरातला. त्याच्या घरी धोटा पुजतात आणि मग त्यानेच विणायला बसतात. चमचा पाहिला. स्टीलचा, दांड्यावर हळदकुंकू, एक कड पार झिजलेली.

पुढची बॅच प्लॅस्टिकच्या चमच्याने काढली. चुंबक लावला. भुकटी तळाशीच पडून राहिली.

पाच कड्यांची भुकटी भांड्याला घट्ट चिकटते, जोराने खरवडावी लागते. चमचा झिजतो, लोखंड सँपलमध्ये उतरतं. सरांनी वर्षानुवर्षं तेच मोजलं होतं. मॉडेलने चुंबक शोधलाच नव्हता. हा चमचा सर्वांत जास्त कशाने झिजेल, तेवढं ते अचूक सांगत होतं.

काकूंना सांगताना माझी मान वर होत नव्हती. मी नेलेला चमचा हातात घेऊन त्यांनी झिजलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"हा माझ्या स्वयंपाकघरातला. हातात नीट बसतो म्हणून हे घेऊन गेले होते."

तो आम्ही त्यांच्याकडेच ठेवला. सरांच्या नोंदी वगळून, इतर लॅबच्या मोजमापांवर मॉडेल पुन्हा शिकवलं. नव्या यादीत पाच कड्यांचा एकही रेणू नाही. मशीनला आकडे शिकवण्याआधी ते कोणत्या चमच्याने काढले हे विचारावं, एवढं मी शिकले. यंदा खंडेनवमीला परातेने पाटावर प्लॅस्टिकचा चमचा मांडला, आणि कुंकू लावायला मला बोलावलं.