वहिनींच्या हातचा भात

दादांना जाऊन सात महिने झाले होते, तेव्हा माझी साखर पहिल्यांदा तपासली. तीन महिन्यांची सरासरी साडेआठ निघाली. घरात आणखी कुणाला आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं. थोरल्या भावाला होती, त्यातच किडन्या गेल्या आणि ते वारले, असं मी सांगितलं. बसचा नंबर सांगावा तसा माझा आवाज निघाला.

त्यांनी भात अगदी कमी करायला सांगितलं, बेकरीचं बंद केलं आणि रोज पाऊण तास चालायला सांगितलं. सांगितलेलं करायची सवय मला तालुक्याच्या शाळेपासून आहे. चारकोपला आमच्या सेक्टरजवळच्या मैदानाला मी सकाळी फेऱ्या मारू लागलो. डब्यात नाचणीची भाकरी, मटकीची उसळ आणि काकडी येऊ लागली. ऑफिसातला शेजारी म्हणाला, "काय यार, प्रमोशनसाठी नवस बोललास का?" मी हसलो आणि चावत राहिलो. चालताना मला काहीच वाटत नसे. बरं नाही, वाईटही नाही. पाय चालत असत एवढंच.

अडचण रविवारची होती. कॉलेजसाठी मुंबईत आलो तेव्हा दादा-वहिनींनी मला जोगेश्वरीच्या त्यांच्या एका खोलीत ठेवून घेतलं. पाच वर्षं वहिनींनी मला वाढलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, पण त्या पदवीतला निम्मा वाटा चुलीपाशी बसणाऱ्या वहिनींचा आहे असं मी अजून मानतो. पुढे माझं लग्न झालं, घर झालं, तरी रविवारी दुपारी एकट्यानं त्यांच्याकडे जेवायला जाणं सुटलं नाही. दादा गेल्यावर तर ते चुकवणं शक्यच नव्हतं.

आमच्याकडे विचारून वाढत नाहीत. वाढू का विचारणं म्हणजे समोरच्याला नको म्हणायला लावणं. आणि वाढलेलं मी कधी टाकलं नाही. म्हणून साखरेचं वहिनींना सांगितलंच नाही. शनिवारी जवळजवळ उपाशी राहायचो, रविवारी बांगड्याचं तिखलं आणि दोनदा भात, वर शिरा खायचो, आणि सोमवारी दुप्पट फेऱ्या मारायचो. याने भरपाई होते अशी माझी समजूत होती.

तीन महिन्यांनी आकडा आठच्या खाली आला नाही. रविवारी काय खाता, ते डॉक्टरांनी खोदून विचारलं. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "एक दिवस उपास आणि एक दिवस पंगत, याला पथ्य म्हणत नाहीत. पुढच्या वेळी असंच असेल तर इन्सुलिन."

त्या रविवारी दुसऱ्या भाताच्या वेळी मी ताटावर हात आडवा धरला.

"बास, वहिनी."

"का? घरातनं जेवून आलात की काय?"

"साखर निघालीय मला."

त्यांचा हात तसाच थांबला. "कधी?"

"झाले तीन महिने."

"आणि गपचूप जेवत होतात, भावजी? माझ्यासमोर बसून?"

भात त्यांनी पुन्हा पातेल्यात टाकला.

"ह्यांना पण मी असंच वाढायचे. डॉक्टर नको म्हणाले तरी मीच म्हणायचे, वायच घ्या, काय होत नाही." मग पातेल्यावर झाकण ठेवत म्हणाल्या, "मग सरळ सांगा ना, माझ्या हातानंच गेले म्हणून."

"तसं नाही, वहिनी."

"तुम्ही शिकलेले. तुम्हाला कळत असेल."

इथे मी काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. मी बांगड्याचे काटे ताटाच्या कडेला लावत बसलो.

पुढच्या शनिवारी त्यांचा फोन आला. "उद्या जेवायला येऊ नका. समोर बसलात की माझा हात आवरत नाही. सकाळी चहाला या, बिनसाखरेचा करते."

तेव्हापासून मी चहाला जातो. शनिवारचे उपास बंद झाले. पुढच्या तीन महिन्यांत पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं, आणि तपासणीत साडेसहा आले. डॉक्टरांनी हात मिळवला. मीही मिळवला. घरी बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मी बूट काढून जागेवर ठेवले.

तो कागद मी वहिनींना दाखवायला नेला. त्यांनी चष्मा लावला आणि मी दाखवलेल्या आकड्यावर बोट ठेवलं.

"हे चांगलं म्हणायचं?"

"हो. सुधारलंय."

"बरं झालं." बोट तिथेच होतं. "ह्यांचं शेवटी किती होतं हो?"

दादांबरोबर हॉस्पिटलात दर वेळी मीच जायचो, कारण इंग्रजी कागद मला वाचता यायचे. तो आकडा मला पॉइंटसकट पाठ आहे.

"आठवत नाही," मी म्हणालो.

त्यांनी आकड्यावरचं बोट उचललं, मग कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली.

"चहा घ्या. निवतोय."