रेसचा घोडा आणि आमचा नाला

१९८८ साल. मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो. मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो होतो तो बैल पाहायला, आणि आलो घोडा घेऊन. शिरपूरवरून चालवत आमच्या चोपडा तालुक्यातल्या गावी आणला. वाटेत जो तो विचारायचा, कोणाचा घोडा, कोणाचा घोडा. मी सांगायचो, माझा.

घोडा तांबडा, उंच, अंगाने सडपातळ. मुंबई-पुण्याच्या रेसमध्ये पळालेला. पुढचा एक पाय सुजायला लागला म्हणून रेसवाल्यांनी काढून टाकला आणि हातोहाती फिरत तो यात्रेत आला. सूज तेव्हा उतरली होती. कागदावर त्याचं इंग्रजी नाव होतं, ते मला वाचता आलं नाही. मी त्याला ‘चल बाबा’ म्हणायचो, तेच त्याला कळायला लागलं.

आमच्या आज्याकडे घोडी होती. लहानपणी मी तिच्यावर बसलेलो. तेवढंच माझं शिक्षण, पण बसता येतं हा माझा ठाम समज होता आणि आजही आहे.

गाव आणि माझा केळीचा मळा यांच्या मध्ये एक नाला आहे. चार-पाच हात रुंद, कमरेइतका खोल, उन्हाळ्यात कोरडा. गाडीला जायला फरशी, म्हणजे बुटका दगडी पूल आहे, पण तो बराच खाली, वळसा घालून. मला वाटलं होतं, घोड्यावर बसायचं, नाला उडी मारून ओलांडायचा आणि सरळ मळ्यात. पण हा घोडा केळीच्या पाटातलं वीतभर पाणी पाहूनसुद्धा फुरफुरायचा आणि मागे सरायचा. सपाट हिरवळीवर पळालेलं जनावर, त्याने खड्डा कधी पाहिलाच नव्हता.

हे सगळं गावातल्या बँडवाल्याने पाहिलं. त्याला लग्नात नवरदेवासाठी उंच घोडा हवाच होता. पारावर चार माणसांत तो म्हणाला, “नाना, हाऊ रेसना घोडा शे. सरळ पळस, दुसरं काही येत नही त्याले. मले दी टाका. लगीनमा मस्त दिसी.”

“हा घोडा ढोलापुढे नाचणार नाही.”

“मंग काय करी? पाटनं पानी देखीसन डरस.”

लोक हसले. मला राग आला. मी म्हणालो, “आखाजीपर्यंत या घोड्यावर बसून नाला ओलांडला नाही, तर घोडा तुझा. फुकट घेऊन जा.”

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडचा मोठा सण. तोवर साडेचार महिने होते. चार माणसांत बोललो होतो, आता मागे फिरणं नव्हतं.

पहिली गोष्ट मी केली ती अशी, की आठवडाभरातच घोडा सरळ नाल्यावर घातला. आमच्या हाताला जन्मभर बैलगाडीची सवय. गाडी नाल्यात उतरवायची असली की आपण कासरा मागे ओढून धरतो, म्हणजे ओझं बैलांच्या मानेवर जात नाही. नाला दिसला तसा मी लगाम ओढून धरला. मी जितका ओढी, तितका घोडा जोरात पळे. कडेला येऊन तो एकदम थांबला, आणि मी खांद्यावर पडलो. खांदा निखळला. हाड बसवणाऱ्याकडे जाऊन बसवून आणला आणि महिनाभर हात झोळीत.

त्यानंतर मी शहाणपणाने घेतलं. आधी त्याला हाताने धरून पाट ओलांडायला लावला. मी पुढे, तो मागे. आधी तो पाटावरून मोठी उडी मारायचा, माझ्या टाचेवर यायचा. मग नुसता पाय उचलून जाऊ लागला. मग कापसाच्या पऱ्हाट्यांचा भारा आडवा टाकला. त्यावरून चालत. मग बसून चालत, मग बसून दुडक्या चालीने. भाऱ्यावर भारा ठेवला. केळीचा खांबही आडवा टाकून पाहिला, तर तो उभा राहून वास घेत बसला आणि पान चावून खाल्लं. तो प्रयोग बंद केला.

गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत घोडा शिकला. पण मांडीइतकं काही दिसलं, की तो एकतर वाऱ्यासारखा सुटायचा नाहीतर मुंडी खाली घालून उभा. मला वाटे, घोड्यातच खोट आहे. वाटे, जनावर भित्रं आहे.

माझी बायको बांधावर केळीची वाळली पानं कापत होती. ती रोज पाहत होती. एक दिवस विळा कमरेला खोचून जवळ आली.

“ओ, घोडा डरत नही. तुम्ही डरतस.”

“मी? मी कशाला भिऊ?”

“मंग मांगे काब्र वढतस? त्याले बैल समजतस का? मांगे वढतस आन पुढे चाल म्हंतस. तो तरी काय करी बिचारा?”

मी म्हणालो, खांदा दुखतो म्हणून ओढला जातो. ती म्हणाली, दोन्ही हात ओढतात, खांदा तर एकच दुखतो. मी घोड्याला पाणी पाजायला घेऊन गेलो.

दुसऱ्या दिवशी ती मळ्यात यायच्या आधी मी करून पाहिलं. मोकळ्या रानात घोडा पळवला आणि लगाम ओढला. तो आणखी जोरात पळाला. लगाम सैल सोडला, तर तो हळू झाला, कान मागे करून जणू विचारू लागला, आता काय? तेव्हा माझ्या ध्यानात आलं. रेसमध्ये बसणारा लगाम ताणून धरतो, तेव्हा घोड्याने पळायचं असतं. आमच्या बैलाला ओढलं म्हणजे थांब, याला ओढलं म्हणजे सूट. आणि उडीच्या वेळी ओढलं म्हणजे तोंडाला झटका. पळ म्हणायचं आणि पळाला की तोंड फाडायचं, असं मी त्याच्याशी वागत होतो.

मग लगामाला गाठ मारून मानेवर सोडून दिला, दोन्ही हातांनी आयाळ धरली, आणि ‘चल बाबा’ म्हटलं. मांडीइतका भारा त्याने असा ओलांडला, की मला कळलंसुद्धा नाही. पाच-सहा वेळा केलं. बायको आली तेव्हा तिने विचारलं, “कसं काय जमनं?” मी म्हणालो, “घोडा शिकला.” ती हसली आणि कामाला लागली.

आता राहिला फक्त नाला. तो मी आखाजीच्या आधी मुद्दाम ओलांडला नाही. ओलांडायचा तर सगळ्यांसमोर.

आखाजीला माहेरवाशिणी आलेल्या, झाडाझाडाला झोके, आणि पुरुष मंडळी पत्त्यांत. दुपार कलल्यावर मी घोड्याला खोगीर घातलं. पत्ते टाकून लोक नाल्यावर आले. बँडवाला नवा पटका बांधून पुढेच उभा. झोक्यावरच्या पोरीही आल्या.

आता एवढ्या माणसांत लगाम सोडून आयाळ धरायची म्हणजे लहान पोरासारखं दिसणार. मी ताठ बसलो, लगाम हातात घेतला, आणि घोडा सोडला. कड आली आणि माझ्या हातांनी त्यांचं जुनं काम केलं. घोडा थांबला. मी त्याच्या मानेवरून पुढे गेलो, नाल्याच्या पलीकडच्या कडेवर छातीने आदळलो आणि घसरत खाली.

बँडवाला ओरडला, “नाना, तुम्ही तं पलीकडे जाई पडनात, घोडा आठेच शे!”

बठ्ठं गाव हसलं. माझी बायको हसली नाही. तिने घोडा धरला होता. मी नाल्यातून वर आलो, गुडघा सोलला होता, सदरा फाटला होता. बँडवाला लगामाला हात घालायला पुढे आला.

मी म्हणालो, “हात काढ. आखाजी संपली का?”

“पडनात ना तुम्ही?”

“पडलो. दिवस आहे अजून वर. आखाजीपर्यंत म्हटलं होतं, एकदाच म्हटलं नव्हतं.”

तो चार माणसांकडे पाहू लागला. त्यातल्या एकाने वर सूर्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. बायकोने लगामाला आपल्या हाताने गाठ मारली, मानेवर टाकली, आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी बसलो. घोड्याची छाती धडधडत होती. त्याला मागे नेलं, दोन फेऱ्या चालत फिरवलं, मानेवर थोपटलं. मग सगळ्यांच्या देखत दोन्ही मुठींत आयाळ धरली. कोणीतरी पोरगी खुदकन हसली. हसू दे म्हटलं. ‘चल बाबा.’

घोडा गेला. कडेच्या बराच अलीकडून उडाला, मला वाटलं आता नाल्यात. पण पलीकडे हातभर पुढे उतरला. मी खोगिरावरून अर्धा सुटलो होतो, आयाळीला धरून सावरलो.

बँडवाला म्हणाला, “आयाळ धरीसन कोनीबी जाई.”

मी म्हणालो, “मग ये. बस.”

तो बसला नाही. पुढच्या लग्नसराईत त्याने धुळ्याकडून एक घोडी आणली. चांगली होती, नाचायचीही.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंग असं आखडलं होतं, की रिकिबीत पाय जाईना. ओट्यावर उभा राहून खोगिरावर बसलो. बायको आतून ओरडली, फरशीवरून जा. मोटारीला वीज पहाटे थोडाच वेळ यायची आणि केळीला पाणी द्यायचं होतं, फरशीवरून जायला वेळ नव्हता. नाल्यावर कोणी नव्हतं. लगामाला गाठ मारली, आयाळ धरली, ओलांडला, आणि मळ्यात जाऊन मोटार चालू केली.