लायमनच्या बाजूची राई

केझिया फिफील्डच्या तोंडी लागू नये, असं आमच्या खोऱ्यात सगळेच म्हणत; आणि मार्च महिन्यात तिच्या मेपलच्या राईतून गोड रसाच्या वाफा निघू लागल्या की तेच सगळे काहीतरी निमित्त काढून तिच्या दारात उभे राहत. बाई फटकळ, पण हात सढळ. नवरा एमस दगडी बांध घालता घालता चाळिशीतच गेला. एकुलता एक मुलगा लायमन उत्तर-दक्षिणेच्या लढाईत गेला. उरलं काय, तर डोंगराच्या पायथ्याशी एक घर, दोन गाई आणि ऐंशी झाडांची ती राई. हिवाळा सरताना झाडांना भोकं पाडायची, रस धरायचा, आटवायचा, साखर करायची. वर्षभराचं पोट त्यावर. राई गेली तर केझियाला गिरणीच्या गावात बहिणीच्या माळ्यावर जाऊन राहावं लागणार होतं, आणि बहीण तिच्याहून फटकळ होती.

१८६७च्या ऑक्टोबरात ती राई जायच्या बेताला आली. आणि ती नेत होतं एक चित्र.

पानं लाल व्हायला लागली की आमच्याकडे शहरातून चित्रकार यायचे. पांढऱ्या छत्र्या रोवून ओढ्याकाठी बसायचे, आणि संध्याकाळी केझियाच्या घरी शिजवलेले घेवडे आणि काळा पाव खायचे. लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षी लोरिंग नावाचे एक चित्रकार तिच्याकडे महिनाभर राहिले. पुढच्या उन्हाळ्यात ते शहरातून मोठं चित्र पुरं करून घेऊन आले आणि ते गावच्या हॉटेलात सोनेरी चौकटीत लागलं. मागे निळा डोंगर, मध्ये ओढा आणि डावीकडे अगदी पुढ्यात एक लालभडक मेपल.

तो मेपल म्हणजे फिफील्ड आणि स्टिकनी या दोन घरांच्या जमिनींची खूण. खरेदीखतात लिहिलेलं, ‘फुटक्या खडकापासून ओढ्याकाठच्या खुणेच्या मेपलपर्यंत.’ गेल्या वर्षीच्या पुरानं ते झाड मुळासकट वाहून नेलं. ओढा राईला वळसा घालून जातो. त्यामुळे केझियाच्या घराकडून बघता खुणेचं झाड राईच्या पलीकडे होतं म्हटलं तर राई केझियाची, आणि अलीकडे होतं म्हटलं तर राई स्टिकनीची. झाड होतं पलीकडे. चित्रात ते होतं अलीकडे.

केझियानं चित्रकाराला तेव्हाच हटकलं होतं. “अहो, हे झाड इथे नाही.”

“बाई, ते जिथल्या तिथे ठेवलं असतं तर चित्राची डावी बाजू ओकीबोकी दिसली असती.”

“मग तुमच्या अंगणातलं आणून लावायचं होतं. माझं कशाला हलवता?”

लोरिंग हसले. ऐकायला तिसरं कोणी नव्हतं. पुढे ते समुद्रापार गेले आणि तिकडेच वारले. इकडे गाव सहा हिवाळे हॉटेलात शेकोटीशी बसून ते चित्र बघत राहिलं, आणि बघता बघता खरं झाड विसरून गेलं. चांगले शहाणेसुरते म्हातारे सांगू लागले की, आम्ही त्या मेपलच्या सावलीत राईच्या अलीकडे भाकरी खाल्ली आहे. खोटं बोलत नव्हते बिचारे. त्यांना तसंच आठवत होतं. यासारखा वैताग दुसरा नाही. खोटारड्याला निदान शिव्या तरी घालता येतात.

शेजारच्या ओबेड स्टिकनीनं मात्र हे बरोबर हेरलं आणि राईवर हक्क सांगितला. ओबेड आणि केझिया एकाच शाळेत एका बाकावर शिकलेले. पण त्याचा मुलगा आसा लायमनबरोबर फौजेत गेला आणि छावणीत तापानं मेला, तेव्हापासून ओबेड तिच्याशी बोलत नव्हता. लायमननं फूस लावली म्हणून माझा पोरगा गेला, हे त्यानं मनात धरलं होतं. राई हे निमित्त होतं, आणि ते केझियाला ठाऊक होतं.

आमच्याकडे बांधाचं भांडण कोर्टात नेत नाहीत. मार्चच्या गावसभेत दोन कुंपणपंच निवडतात; ते जागेवर येतात, दोन्हीकडचं ऐकतात आणि सूर्य मावळायच्या आत निकाल देतात. दिलेला निकाल फिरत नाही. ऑक्टोबरातल्या त्या दिवशी चर्चचा कारभारी डीकन वाइल्डर आणि लोहार जोथम पीझली हे दोन पंच दुपारीच आले. पंचांना जेवू घालायची रीत असते, म्हणून केझियानं भोपळ्याची गोड पाई आणि सफरचंदाची सायडर पुढे ठेवली. ओबेड दाराशीच उभा राहिला.

“बस की,” जोथम म्हणाला. “पाई चांगली झालीय. खाल्लास म्हणून काही हरत नाहीस.”

“मी उभा बरा आहे.”

डीकननं तोंड पुसलं. “फिफील्डबाई, मन घट्ट करून ऐका. अकरा माणसांना विचारलं. अकराही जण म्हणतात, झाड अलीकडे होतं. मलाही तसंच आठवतं.”

“तुम्हाला हॉटेल आठवतंय, डीकन. झाड नाही.”

“तुमच्या बाजूनं बोलणारा एक तरी माणूस आहे?”

माणूस नव्हता. एक फळी होती. आणि तिचं नाव काढायला केझियाची जीभ पंधरा दिवस रेटत नव्हती.

या चित्रकार लोकांची एक पद्धत असते. जागेवर बसून काढायचं ते जसंच्या तसं, लहानशा फळीवर. मग शहरात जाऊन त्यावरून मोठं काढायचं, ते मनाला येईल तसं. मोठं चित्र झाल्यावर लोरिंगनी ती हातभर फळी केझियाला देऊन टाकली होती, कारण तिच्यात झाडाखाली लायमन बसलेला होता. लढाईतून लायमन गेल्याचं पत्र आलं त्या आठवड्यात कोठीच्या खिडकीची काच फुटली. केझियानं भिंतीवरची फळी उतरवली आणि खिडकीला ठोकून टाकली, रंगाची बाजू बाहेर. रोज उठून त्याला बघणं तिच्यानं होत नव्हतं. या गोष्टीला चार वर्षं झाली होती. चार हिवाळ्यांचं बर्फ आणि पाऊस तिनं स्वतःच्या हातानं पोराच्या अंगावर पडू दिला होता, आणि आता तिथे काही उरलंय का हे बघायची तिची छाती होत नव्हती.

खिडकीतून ऊन तिरकं येऊ लागलं. डीकन उठून टोपी शोधू लागला.

“थांबा,” केझिया म्हणाली. “जोथम, हातोडा घे. कोठीमागे चल.”

कोठीच्या भिंतीला लाकडांची थप्पी लावलेली होती, खिडकीच्या निम्म्यापर्यंत. दर पानगळीत ती तिथेच लागायची. थप्पीच्या वर फळीचा जो भाग दिसत होता तो कोरा होता. डोंगर नाही, आभाळ नाही, एक पान नाही. नुसतं करडं लाकूड.

“बाई, हे तर धुऊन गेलंय,” जोथम हळूच म्हणाला.

“लाकडं बाजूला कर.”

“अहो, पण...”

“कर म्हणते ना.”

तो एकेक ओंडका काढू लागला. ओबेड हाताची घडी घालून दूर उभा होता. केझिया एप्रनला हात पुसत जोथमवरच खेकसत होती. शेवटचा ओंडका निघाला. डीकननं रुमालानं धूळ पुसली. खालची निम्मी फळी लाकडांच्या आडोशाला शाबूत राहिली होती.

झाडाचं खोड होतं. त्यावर कुऱ्हाडीचे तीन घाव, हद्दीची खूण, स्पष्ट. मोठ्या चित्रात ते नव्हतेच. खोडाला टेकून पाठमोरी दोन पोरं बसली होती, एक इकडे, एक तिकडे. उजवीकडचा लायमन, उघड्या डोक्यानं. त्याच्या बाजूला राईची खोडं दाट उभी. डावीकडच्याच्या डोक्यावर पिवळी गवती टोपी, आणि त्याच्या बाजूला कापणी झालेलं उघडं शेत.

डीकननं फळी निरखून पाहिली. “झाड ते हेच. पण पोरं काय, कुठेही बसतात. आणि चित्रकार इथेही खरं काढतो कशावरून? हेही बेतून काढलेलं असेल.”

याचं उत्तर होतं ते फक्त ओबेडकडे. आपल्याला ते ठाऊक आहे हे तिनं चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. ती त्याच्याकडे वळलीसुद्धा नाही. ऊन कोठीच्या कौलांपर्यंत चढलं होतं. खाली सावली पडली होती.

ओबेड पुढे आला. अगदी फळीला नाक लागेल इतका वाकला.

“ही टोपी त्याच्या आईनं विणली होती,” तो म्हणाला.

डीकननं मावळतीकडे पाहिलं.

“ओबेड,” डीकन म्हणाला, “दिवस चाललाय. तुला काही सांगायचं असेल तर आत्ता सांग.”

ओबेडनं हाताची घडी सोडली. गप्प राहिला असता तर ऐंशी झाडं त्याची होती. “त्या वर्षी गाईवरून आमचं आणि फिफील्डांचं वाजलं होतं. मी आसाला बायबलवर हात ठेवायला लावला की, यांच्या जमिनीवर पाऊल टाकणार नाही. तो माझ्या शब्दाबाहेर नव्हता. पण लायमनशिवाय त्याला करमायचंही नाही. म्हणून ते दोघं तिथे बसायचे. खुणेच्या झाडाला टेकून. ज्याचा तो आपापल्या जमिनीत. मला लांबून दिसायचे.”

“म्हणजे राई...”

“लायमनच्या बाजूला आहे. दिसत नाही का तुम्हाला? तिची आहे राई. लिहा.”

डीकननं तिथेच थप्पीवर वही ठेवून चार ओळी लिहिल्या. दोघं पंच गेले. ओबेड मात्र हलला नाही. केझिया ओंडक्यावर बसली.

“तुझ्याकडे लायमनचा फोटो आहे,” तो म्हणाला.

“आहे. गणवेशातला.”

“आसाचा नाही. गावात फोटोवाला आला होता तेव्हा आसा म्हणाला, काढूया. मी म्हटलं, तोंड काय बघायचंय, रोज तर दिसतं.” तो फळीकडेच बघत होता. “इथेही पाठच आहे.”

केझियाला त्याचा राग यायला हवा होता. तो आला नाही, आणि त्याचंच तिला नवल वाटलं. “कान बघ,” ती म्हणाली. “कान तुझेच आहेत. असे बाहेर आलेले. शाळेत तुला त्यावरूनच चिडवायचो.”

ओबेडनं मान खाली घातली. मग तिनं जोथमचा विसरलेला हातोडा उचलला, खिळे उपसले, फळी एप्रनमध्ये गुंडाळली आणि त्याच्या हातात दिली. “हिवाळाभर ठेव. ओल लागू देऊ नकोस. ती अक्कल मी एकदा चालवली, तू चालवू नकोस. मार्चात रस सुटला की परत आण.”

त्या आठवड्यात केझियानं कोठीच्या खिडकीला नवी काच बसवली. चार वर्षांनी तिथून राई दिसू लागली, पार ओढ्याच्या वळणापर्यंत.

मार्चात रस सुटला त्या सकाळी तिला त्या खिडकीतून ओबेड येताना दिसला. काखेत एप्रनमधलं बोचकं होतं. राईच्या पलीकडे, जिथे आता खुणेचं झाडही नव्हतं आणि बर्फाखाली काही दिसतही नव्हतं, तिथे तो थांबला. बराच वेळ तसाच उभा राहिला. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की, तो बोलावण्याची वाट बघतोय.

ती दारात येऊन ओरडली, “ये की इकडे, गारठशील. शपथ पोराची होती, तुझी नव्हती.”