झोळीबरोबर हलणारी तार

शहराच्या चेरास भागातल्या एका इमारतीत, सातव्या मजल्यावर मार्लियाना शिवणकाम करते. एकोणिसाव्या वर्षी तिला मेंदूज्वर झाला आणि जाताना तो दोन्ही कान घेऊन गेला. बोलणं शाबूत राहिलं. समोरच्याचे ओठ वाचायला ती शिकली. नवरा खैरुल लॉरी चालवतो, आठवड्यातले चार दिवस दूर जोहोरच्या रस्त्यावर असतो.

मुलगा इल्हाम झाला तेव्हा सासूबाई, माक कल्सोम, टेमेर्लो गावाहून येऊन चाळीस दिवस राहिल्या. निघताना म्हणाल्या, "पोर रडून निळं पडेल आणि तू आपली मशीन चालवत बसशील. चालायला लागेपर्यंत माझ्याकडे राहू दे त्याला. पुढच्या महिन्यात न्यायला येते."

खैरुल आईची पिशवी उचलून दाराकडे गेला. त्याचा होकार ओळखायला तिला ओठ वाचावे लागले नाहीत.

पोर द्यायचं नाही, हे तिनं त्याच दिवशी ठरवलं.

आवाज झाला की दिवा लावणारं छोटं सर्किट तिनं जालान पासारच्या बाजारातून आणलं आणि त्याचा पिवळा दिवा शिवणमशीनशेजारी बसवला. माइक भिंतीवर लावला तर पंखा, खालच्या मोटारसायकली, खुद्द तिची मशीन, सगळ्यांनीच दिवा लागायचा. मग माइक बाळाच्या डोक्याशीच, झोळीच्या वरच्या दांडीला बांधला. आता दिवा फक्त इल्हामच्या रडण्यानं पेटू लागला. पण सारोंगची, लुंगीसारख्या कापडाची, झोळी आतल्या खोलीत छताला स्प्रिंगवर टांगलेली. दिवसभर वरखाली, वरखाली. तिसऱ्या दिवशी माइकपासून दिव्यापर्यंत जाणारी तार तुटली.

दिवा नाही म्हणजे बाळ झोपलंय, असं समजून ती बाही जोडत राहिली. उठून पाहिलं तर इल्हाम लालबुंद, ओठ थरथरतायत, डोळ्यांतलं पाणी कानापर्यंत ओघळलेलं. त्या दुपारी तिनं आणखी एकही टाका घातला नाही.

दुकानदार म्हणाला, "हलणारी वस्तू ना? मग जाड तार न्या. जाड तुटत नाही." जाड तार दोनच दिवस टिकली.

मग ती बाळाला पाठीशी बांधून जालान पासारच्या टोकापासून एकेक दुकान चढू लागली. अकराव्या दुकानात म्हातारे अंकल फूंग होते.

"कशाला हवी तार, ताई?"

"बाळाच्या झोळीला."

"झोळीला वीज? बाळाला चार्ज करता की काय?"

"करते. तुम्हालाही करीन. आधी तारा दाखवा."

म्हातारा हसत हसत रिळं काढू लागला. मार्लियानानं डोळे मिटले आणि कापड पारखावं तशी एकेक तार चिमटीत चोळून पाहिली. ही नको. ही तर मुळीच नको.

"अहो, या सगळ्या तारेसारख्या आहेत. मला दोऱ्यासारखी हवी."

अंकल थांबले. मग मागच्या फळीवरून त्यांनी एक लाल रीळ आणलं. वरचं रबर गोगलगायीसारखं मऊ. टोक सोलून त्यांनी आतला झुपका पसरून दाखवला, केसांहून बारीक तांब्याचे धागे. "साठ आहेत. एकच जाड असला तर वाकणं सगळं त्याच्या एकट्याच्या मानेवर. हे साठ वाटून घेतात."

घरी येऊन तिनं तार जोडली. त्याच तारेतून वीज घेणारा एक हिरवा दिवाही मशीनपाशी लावला: तो पेटलेला म्हणजे तार धड, विझला की तुटली. चौथ्या दिवशी तो विझला.

ती खाली बसली. मग भिंग काढलं. तार मध्ये कुठेच तुटली नव्हती. जोडावर तुटली होती. डाग देताना वितळलेलं कथील धाग्यांत वर चढून ताठ झालं होतं आणि मऊ तार बरोबर त्या ताठपणाच्या कडेला मोडली होती. बटण कापडाला घट्ट आवळून शिवलं की कापडच फाटतं, हे तिला शिवणकामाच्या पहिल्या महिन्यात कळलेलं. तिनं नवा जोड केला, त्यापुढे तारेचा सैल वेढा सोडला आणि चार बोटं अंतरावर तार टोकाशी बांधलेल्या सुती फितीला रेशमी दोऱ्यानं शिवून टाकली. दोन्ही टोकांना. आता ओढ बसली तर टाक्यांवर बसणार.

मग झोळीत तांदळाची पिशवी ठेवली, झोळीची लांब दोरी बाहेर आणून पायाच्या अंगठ्याला बांधली आणि सहा दिवस शिवता शिवता तांदूळ झुलवला. इल्हाम शेजारी चटईवर. हिरवा दिवा तेवत राहिला.

माक कल्सोम आल्या त्या रिकामी पिशवी घेऊनच, बाळाच्या कपड्यांसाठी. मशीनसमोर बसून गावाकडच्या बातम्या सांगू लागल्या: कुणाच्या लग्नात मांसाचं रेंदांग कसं करपलं, कुणाची म्हैस कुणाच्या अंगणात शिरली. मधेच पिवळा दिवा लागला. मार्लियाना उठून आत गेली.

"अगं, मी बोलतेय ना!"

माक गप्प झाल्या, तेव्हा कुठे त्यांना आतली कुरकुर ऐकू आली. बाळ आईच्या खांद्यावर पडून बाहेर आलं.

"मला नाही ऐकू आलं," माक म्हणाल्या.

"तुम्ही बोलत होता."

"टोमणे नकोत. वीज गेली तर?"

"बॅटरी आहे."

"तार तुटली तर?"

"हिरवा दिवा विझेल."

"न्हाणीघरात असलीस तर?"

"तेव्हा हा दाराशी टोपलीत असतो. दार उघडंच ठेवते, लाज सोडून."

माक आत जाऊन झोळीची तार न्याहाळत राहिल्या. टाके बोटानं चाचपले. "मी दोन दिवस राहून बघते."

"चार राहा. खैरुल रविवारी येईल. त्याला तुम्हीच सांगा, पोर इथेच राहणार म्हणून."

माक झोळीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटल्या. मार्लियानानं त्यांचा खांदा धरून त्यांना आपल्याकडे वळवलं.

"सांगते म्हटलं ना!" माक ओरडल्या.